‘तेव्हा’च्या डोक्यावरचे टिंब

इंग्रजीत सर्वांत जास्त वेळा चुकीचे लिहिले जाणारे क्रियाविशेषण कोणते, या प्रश्नाला शिक्षक आणि संपादक बहुधा ‘डेफिनेटली’ हेच उत्तर देतात. त्याचे शुद्ध स्पेलिंग डी, ई, एफ, आय, एन, आय, टी, ई, एल, वाय असे असून लिहिणारा दुसऱ्या ‘आय’च्या जागी ‘ए’ घालून मोकळा होतो, कारण इंग्रजी बोलण्यात त्या अक्षरावर आघात नसल्याने तेथील स्वर अस्पष्ट होतो आणि तो ‘आय’ आहे की ‘ए’ हे कानाला कळत नाही. मात्र इंग्रजीत अशा शंकेचे निरसन करण्याची एक वाट उपलब्ध असते. लॅटिनमधील ‘फीनिस’, म्हणजे सीमा, या शब्दापासून निघालेल्या ‘डेफिनिशन’ या भावंडात तोच स्वर आघातासह स्वच्छ ऐकू येतो, त्यामुळे कानाने दगा दिला तरी कुळाची चौकशी करून अक्षर निश्चित करता येते. मराठीतील क्रियाविशेषणांच्या बाबतीत ही वाट बहुतेक वेळा बंद असते, आणि ‘तेव्हा’, ‘जेव्हा’, ‘केव्हा’ हे नित्याच्या वापरातले तीन शब्द इतक्या मोठ्या प्रमाणावर ‘तेंव्हा’, ‘जेंव्हा’, ‘केंव्हा’ असे का लिहिले जातात, याचे मूळ काही अंशी तेथेच आहे.

क्रियाविशेषण म्हणजे क्रिया कोठे, केव्हा, कशी किंवा किती घडली हे सांगणारा शब्द. मराठी व्याकरणात त्याची गणना अव्ययांत होते, आणि अव्यय म्हणजे ज्याच्या रूपात लिंग, वचन, विभक्ती यांमुळे बदल होत नाही तो शब्द. नामाला अनेक रूपे असतात आणि ती एकमेकांची साक्ष देतात. ‘मुलाना’ लिहावे की ‘मुलांना’, अशी शंका आली तर मुलगा एक की अनेक एवढे पाहिले की निकाल लागतो, कारण अनेकवचनी सामान्यरूपावर, म्हणजे प्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे जे बदललेले रूप होते त्यावर, अनुस्वार द्यावा असा स्पष्ट नियम आहे. ‘शेतात’ म्हटले की एक शेत आणि ‘शेतांत’ म्हटले की अनेक, इतका अर्थ ते एकटे टिंब वाहते. ‘तेव्हा’ला वचन नाही आणि त्यावर टिंब असले काय, नसले काय, अर्थात तसूभरही फरक पडत नाही, म्हणून चूक झाली तरी वाचणारा अडखळत नाही आणि ती वर्षानुवर्षे तशीच चालू राहते.

या शब्दावर टिंब कधीच नव्हते असेही नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात छापलेले कोणतेही मराठी पुस्तक उघडले तर त्यात ‘तेव्हां’, ‘आतां’, ‘येथें’, ‘पुढें’, ‘मागें’, ‘नाहीं’ अशी रूपे पानोपानी भेटतात. जळगावच्या व. वा. जिल्हा वाचनालयासारख्या किंवा धुळ्याच्या गरुड वाचनालयासारख्या जुन्या संग्रहांत वावरणाऱ्या वाचकाला ही रूपे अपरिचित नसतात. त्या काळच्या लेखनात उच्चारात नसलेले अनुस्वारही शब्दाच्या इतिहासाची खूण म्हणून सांभाळले जात. ‘घरीं’, ‘सकाळीं’ यांवरील टिंब जुन्या विभक्तिप्रत्ययाची आठवण देत असे आणि अशा रूपांच्या सहवासात अनेक क्रियाविशेषणेही शेवटच्या अक्षरावर टिंब मिरवीत असत. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतर १९६१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ अस्तित्वात आले, त्याने तयार केलेले १४ लेखनविषयक नियम १९६२ साली राज्यशासनाने स्वीकारले, पुढे १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडून त्यांची संख्या १८ झाली, आणि या नियमांनी, ज्यांचा उच्चार होत नाही असे सर्व अनुस्वार लेखनातून काढून टाकले. ‘तेव्हां’चा ‘तेव्हा’ झाला तो या निर्णयाने.

येथे एक बारकावा सहसा सुटतो. जुन्या लेखनातील टिंब ‘व्हां’वर, म्हणजे शेवटच्या अक्षरावर होते, तर आज दिसणारे चुकीचे टिंब ‘तें’वर, म्हणजे पहिल्या अक्षरावर असते. तेव्हा ‘तेंव्हा’ हे जुन्या वळणाचे लेखन आहे, एवढेच काय ते मागे राहिले आहे, असा जो बचाव कधीकधी केला जातो तो टिकणारा नाही. जुन्या नियमांनी पाहिले तरी ते रूप अशुद्ध आणि नव्या नियमांनी पाहिले तरी अशुद्धच. मग ते टिंब पुढच्या अक्षरावरून मागच्या अक्षरावर आले कसे? ‘तें’ आणि ‘जें’ ही नपुंसकलिंगी सर्वनामे १९६२ पूर्वी अनुस्वारासह लिहिली जात, आणि ‘तेव्हा’, ‘जेव्हा’ यांच्या पोटात ती सर्वनामे आहेत अशी लिहिणाऱ्याची नकळत समजूत झाली असणे शक्य आहे. परंतु ज्या पिढ्यांनी ‘तें’ कधी वाचलेच नाही त्यांच्याही लेखणीतून ‘तेंव्हा’ उतरते, हे पाहता हे कारण पुरे पडत नाही. अधिक वजनदार कारण ‘व’ या अक्षराशी निगडित दिसते, आणि ते समजून घेण्यासाठी जळगाव या नावाइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही.

संस्कृत ‘ग्राम’ या शब्दातील ‘म’ प्राकृतात झिजत गेला, ओठांचे मिटणे सैल पडून त्याचा ‘व’ झाला आणि त्याचे नाकातील अंग तेवढे आधीच्या स्वरावर उरले. त्यातून ‘गांव’ हे रूप आले. ‘नाम’पासून ‘नांव’ आले ते याच वाटेने. या शब्दांवरील टिंब म्हणजे गेलेल्या ‘म’ची खूण होती, त्याला निश्चित कारण होते, आणि तरीही मराठीत त्याचा उच्चार उरला नाही म्हणून १९६२ च्या नियमांनी ‘गाव’ आणि ‘नाव’ ही बिनटिंबाची रूपे ठरवली. जळगाव, चाळीसगाव, धरणगाव, भडगाव यांची जुनी लेखने ‘जळगांव’, ‘चाळीसगांव’ अशी होती. हिंदीत आजही ‘जलगांव’ असेच लिहितात, आणि हिंदीच्या बाबतीत ते योग्यही आहे, कारण हिंदी भाषकाच्या तोंडी तो नाकातला स्वर जिवंत आहे. जळगावच्या रोमन स्पेलिंगकडे पाहिले तर मौज वाटते. जे, ए, एल, जी, ए, ओ आणि शेवटी एन. मराठी उच्चारात ‘न’चा मागमूस नसताना हा शेवटचा ‘एन’ आला कोठून, तर तो त्या जुन्या टिंबाचा इंग्रजीत राहिलेला अवशेष आहे. देवनागरीतून टिंब गेले, रोमन पाटीवर ते अक्षर होऊन बसले आहे. खानदेशातल्या वाचकाचे डोळे ‘व’च्या आधीच्या अक्षरावर टिंब पाहण्यास असे पिढ्यान्‌पिढ्या सरावलेले आहेत. दुकानांच्या पाट्यांवर आणि लग्नपत्रिकांत ‘मु. पो.’नंतर ‘गांव’ आजही लिहिले जाते. अर्थात हा सराव केवळ खानदेशाचा नव्हे, उभ्या महाराष्ट्राचा आहे. ‘गांव’, ‘नांव’, ‘भांवडे’ असे लिहिणारा हात ‘तेव्हा’पाशी आला की सवयीने आधी टिंब देतो. फरक इतकाच की ‘गांव’मध्ये कधीकाळी एक ‘म’ होता, तर ‘तेव्हा’तील ‘व्ह’च्या मागे तसा कोणताही ‘म’ गाडलेला नाही.

उच्चाराच्या कसोटीवरही ‘तेंव्हा’ उतरत नाही. मराठीत ‘य’, ‘र’, ‘ल’, ‘व’, ‘श’, ‘ष’, ‘स’, ‘ह’ या वर्णांपूर्वी अनुस्वार आला की तो विशिष्ट रीतीने उच्चारला जातो. ‘संवाद’ हा शब्द म्हणताना ‘व’ जवळजवळ दुप्पट होतो आणि त्याचा पहिला भाग नाकातून येतो, ‘संयम’मध्ये तसाच ‘य’ येतो. ‘तेंव्हा’ हे लेखन प्रमाण मानायचे तर ते ‘संवाद’च्या चालीवर वाचावे लागेल, आणि तसा उच्चार कोणी केला तर ऐकणारे हसतील. काहींच्या बोलण्यात ‘ते’ किंचित नाकात जातो हे खरे, पण मराठी लेखनाने अशा निसटत्या नासिक्य छटांची नोंद ठेवायची नाही असे एकदा ठरवले आहे. ‘पाच’, ‘धावणे’, ‘केस’ यांवरची टिंबे गेली ती याच न्यायाने.

शुद्धलेखन बिघडले की त्याचे खापर बोलीवर फोडण्याची एक सोपी रीत शालेय वर्तुळात रूढ आहे. धुळे जिल्ह्यातील साक्री, शिरपूर, शिंदखेडा या भागांतील किंवा जळगाव जिल्ह्यातील अमळनेर, पारोळा, चोपडा या भागांतील विद्यार्थी घरी अहिराणी बोलतो, म्हणून त्याचे मराठी लेखन चुकते, असे सहज म्हटले जाते. ‘ण’ आणि ‘ळ’ यांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे, कारण अहिराणीत ‘पाणी’चे ‘पानी’ होते आणि ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. परंतु ‘तेंव्हा’च्या बाबतीत हा आरोप साफ कोसळतो. अहिराणीत ‘तेव्हा’ला ‘तव्हय’, ‘जेव्हा’ला ‘जव्हय’ आणि ‘केव्हा’ला ‘कव्हय’ म्हणतात, आणि या तिन्ही शब्दांत नाकाला काही काम नाही. घरी ‘तव्हय’ म्हणणारे मूल वहीत ‘तेंव्हा’ लिहिते तेव्हा ते टिंब त्याने घरून आणलेले नसते. ते फळ्यावरून, मार्गदर्शकातून, पाटीवरून, वर्तमानपत्रातील जाहिरातीतून, म्हणजे ज्याला प्रमाण मराठी म्हणून त्याच्यापुढे ठेवले जाते त्यातूनच, आलेले असते. बोलीने येथे भाषा बिघडवलेली नाही, उलट तिच्याकडे कान दिला असता तर चूक टळली असती.

‘तव्हय’ या रूपात आणखी एक दुवा दडलेला असावा. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो हे लक्षात घेतले तर ‘तव्हय’च्या शेवटचा ‘य’ मूळचा ‘ळ’ असणे संभवते आणि मग त्या शब्दात ‘ती वेळ’ असा अर्थ उघडपणे वाचता येतो. हे अनुमान आहे, पण बोलीच्या अंगभूत नियमाला धरून असलेले अनुमान आहे. जॉर्ज ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात खानदेशी बोलीला मराठीच्या सातव्या खंडात न ठेवता १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ली भाषांच्या शेजारी बसवले होते, आणि तिचे नाते गुजरातीकडे की मराठीकडे हा वाद तेव्हापासून चालत आला आहे. क्रियाविशेषणांपुरते बोलायचे तर ‘आठे’, ‘तठे’ म्हणजे येथे, तेथे, आणि ‘आते’ म्हणजे आता, ही रूपे मराठीची सख्खी भावंडे शोभतात. जळगावच्या पूर्वेकडील लेवा बोलीत याच कालवाचकाचे ‘तव्हा’ किंवा ‘तवा’ होते. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी स्वतः कधी काही लिहिले नाही, त्यांच्या ओव्या इतरांनी टिपून घेतल्या आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्या प्रसिद्ध झाल्या. त्यांच्या कवितेच्या निरनिराळ्या छापील पाठांत हे रूप कोठे टिंबासह तर कोठे टिंबाविना आढळते. ज्या कवयित्रीला अक्षरओळखच नव्हती तिच्या शब्दावरचे टिंब हा सर्वस्वी लेखनिकाचा, संपादकाचा आणि जुळाऱ्याचा मामला आहे, हे अशा वेळी विसरता कामा नये.

छापलेल्या जुन्या मजकुराचे काय करायचे, हा प्रश्न महामंडळाच्या नियमांनी एक रेघ ओढून सोडवला आहे. केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळात असेल तसे छापावे, त्यानंतरचे सगळे, खुद्द केशवसुत आणि चिपळूणकर धरून, नव्या नियमांप्रमाणे छापावे, असा तो नियम आहे. ही रेघ खानदेशातल्या वाङ्मयावरून कशी जाते हे पाहण्यासारखे आहे. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी वाङ्मयाच्या शोधात आयुष्य घालवले, डोमगावच्या मठातील कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून १९०५ साली ‘दासबोध’ प्रसिद्ध केला, आणि त्यांनी जमवलेली हस्तलिखिते धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात जतन झाली. त्या पोथ्यांतील ‘तेव्हां’ला हात लावण्याचा अधिकार आजच्या संपादकाला नाही. त्याच धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ रोजी निवर्तलेले इतिहासाचार्य वि. का. राजवाडे मात्र रेघेच्या अलीकडे येतात. ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरण लिहिणाऱ्या, एकेका प्रत्ययाचा माग काढणाऱ्या या माणसाने त्या काळच्या रीतीने लिहिलेली टिंबे आजच्या आवृत्तीत नियमानुसार गळून पडतात. धरणगावला जन्मलेले आणि १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ही पदवी मिळवणारे त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचीही गत तीच. वाचकाची सोय म्हणून हे समर्थनीय आहे, मात्र राजवाड्यांसारख्या भाषाशास्त्रज्ञाचे लेखन तरी मुळाबरहुकूम छापण्याची सवलत असायला हवी होती, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. राजवाड्यांच्या नावाने १९२७ मध्ये धुळ्यात स्थापन झालेल्या संशोधन मंडळातील मोडी कागदांची गोष्ट आणखी वेगळी. मोडी लिपी ऱ्हस्व-दीर्घाचा भेदच पाळत नसल्याने आज ज्याला शुद्धलेखन म्हणतात त्यातील निम्मी भांडणे त्या कागदांवर उद्भवतच नाहीत. ती बालबोध लिपी आणि छापखाना यांच्याबरोबर आली.

लेखनाइतकाच या शब्दांचा वापरही लक्ष देण्यासारखा आहे, आणि तेथे होणाऱ्या चुका टिंबापेक्षा गंभीर आहेत, कारण त्या वाक्याचा कणा वाकवतात. ‘जेव्हा’ आणि ‘तेव्हा’ ही जोडी आहे. एक प्रश्नाची जागा उघडतो, दुसरा ती भरतो. मराठी वाक्यात यांपैकी ‘जेव्हा’ सहज गाळता येतो, ‘तेव्हा’ गाळता येत नाही. ‘पाऊस आला तेव्हा कापूस शेतातच होता’ हे अस्सल मराठी वाक्य आहे. ‘जेव्हा पाऊस आला, कापूस शेतात होता’ हे मात्र इंग्रजी वाक्याच्या साच्यात मराठी शब्द ओतून केलेले वाक्य आहे, कारण इंग्रजीत जोडीतला पहिला शब्द ठेवून दुसरा सोडण्याची चाल आहे आणि मराठीत बरोबर उलटी. भाषांतरित बातम्यांत आणि पाठ्यपुस्तकांच्या काही धड्यांत ही उलटापालट इतकी झाली आहे की तरुण वाचकाच्या कानाला ती खटकेनाशी झाली आहे. खरे तर पुष्कळदा या जोडीची गरजच नसते. खानदेशातला शेतकरी ‘जेव्हा पाऊस पडेल तेव्हा लावणी करू’ असे न म्हणता ‘पाऊस पडला की लावणी करू’ म्हणतो, आणि एका ‘की’ने दोन अव्ययांचे काम होते.

‘केव्हा’ आणि ‘कधी’ हे समानार्थी वाटणारे शब्दही सर्वत्र एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ‘भुसावळची गाडी केव्हा सुटते’ आणि ‘कधी सुटते’ यांत फरक नाही. पण ‘तो कधी धुळ्याला गेला नाही’ या वाक्यात ‘केव्हा’ घातला की वाक्य मोडते, कारण एकदाही नाही असा अर्थ फक्त ‘कधी’ देऊ शकतो. ‘च’ लागल्यावर तर मोठीच गंमत होते. ‘गाडी केव्हाच गेली’ म्हणजे जाऊन बराच वेळ झाला. ‘गाडी कधीच गेली’ याचाही अर्थ तोच. परंतु नकार येताच ‘कधीच’ पालटतो, ‘कधीच गेली नाही’ म्हणजे एकदाही गेली नाही, आणि ‘केव्हाच’ला हा पालट साधत नाही. शिवाय ‘तेव्हा’ला कालाखेरीज कारणाचाही अर्थ आहे. ग्रामसभेच्या नोटिशीत कामांची यादी झाल्यावर ‘तेव्हा सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे’ असे वाक्य येते, त्यातील ‘तेव्हा’ वेळ सांगत नाही, ‘म्हणून’ सांगतो. कचेरीतील ‘सबब’ आणि ‘यास्तव’ यांचेच काम तो कमी दिमाखात करतो.

अव्ययाचे रूप बदलत नाही हे तत्त्व याच शब्दांपाशी थोडे सैल पडते, हेही नोंदवायला हवे. ‘तो केव्हाचा थांबला आहे’, ‘ती केव्हाची थांबली आहे’, ‘ते केव्हाचे थांबले आहेत’ या वाक्यांत ‘केव्हा’ला ‘चा’ लागतो आणि तो कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे फिरतो. मात्र फिरतो तो प्रत्यय, ‘केव्हा’ जागचा हलत नाही, आणि अनेकवचनातही त्यावर टिंब चढत नाही. नाम असते तर ‘घरांचे’प्रमाणे ‘केव्हांचे’ लिहावे लागले असते.

स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांतील उमेदवार मो. रा. वाळंबे यांच्या व्याकरणातून हे नियम पाठ करतात. अधिक खोलात जाणाऱ्यांसाठी अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ आणि यास्मिन शेख यांचा ‘मराठी शब्दलेखनकोश’ उपलब्ध आहे. अहिराणीत लिहिणाऱ्यांना मात्र असा सर्वमान्य आधार नाही. त्या बोलीत आता कविता, कथा, नाटके लिहिली जातात, आणि ‘तव्हय’ लिहावे की ‘तव्हळ’, ‘कव्हय’मधला ‘व्ह’ जोडावा की ‘कवय’ असा सुटा लिहावा, हे प्रत्येक लेखक आपापल्या गावच्या उच्चाराप्रमाणे ठरवतो. तापीकाठचे एक, पांझरेकाठचे दुसरे, आणि दोन्ही तूर्त सारखीच बरोबर.